धुक्यातलं घर आणि आपली फुप्फुसं

पहिला पाऊस पडला की आमच्या ओपीडीत तापाच्या रुग्णांबरोबर एक प्रश्नही दरवर्षी येतो. विचारणारे बहुधा पन्नाशी-साठीचे, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून झाल्या की खुर्चीतून उठता उठता विचारतात, "मॅडम, आंबोलीला छोटं घर बघतोय. धुकं, पाऊस, शांतता. तब्येतीला चांगलं ना?" कुणाच्या डोक्यात माथेरान असतं, कुणाच्या इगतपुरी, कुणाच्या महाबळेश्वर. घोडबंदर रोडच्या वाहतुकीत आणि मे महिन्याच्या घामात ज्यांनी तीस वर्षं काढली, त्यांना सगळ्यात जास्त पाऊस आणि सगळ्यात दाट धुकं असेल तिथे जाऊन राहावंसं वाटलं तर नवल नाही. बाळकुमच्या बाराव्या मजल्यावरून खाडीपलीकडे भरून आलेलं आभाळ बघताना मलाही वाटतं.

उत्तर मात्र सगळ्यांना एकच देता येत नाही. समोरच्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून मगच ते द्यावं लागतं. आणि त्याआधी आपल्या भागात पाऊस आणि धुकं नेमकं कुठे, कसं असतं, हे जरा समजून घ्यावं लागतं.

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे बाष्पाने ओथंबलेले असतात. किनाऱ्यावर ते थोडा पाऊस सोडतात आणि पुढे निघतात. पन्नास-साठ किलोमीटरवर त्यांच्या वाटेत सह्याद्रीची भिंत उभी राहते. भिंत ओलांडण्यासाठी हवा वर चढते, चढताना गार होते आणि गार हवेला बाष्प पेलवत नाही. म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटाच्या पायथ्याला पाऊस जास्त आणि घाटमाथ्यावर त्याहून जास्त. कुलाब्याला वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर, ठाण्याला अडीच हजारांच्या पुढे, माथेरानला पाच हजारांच्या आसपास, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार आणि आंबोलीला सात हजारांच्या घरात. कोकणपट्टीतही उत्तर-दक्षिण फरक आहे. डहाणूपेक्षा रत्नागिरीला बराच जास्त पाऊस पडतो. म्हणजे कोकणात 'सगळ्यात जास्त पाऊस' हवा असेल तर दक्षिणेकडे जायचं आणि वर चढायचं. आंबोली या दोन्ही अटींत बसते.

आमच्या बाळकुमवरून मुंबईच्या पाण्याचे जाडजूड नळ जातात. तानसा, मोडक सागर, भातसा इथलं पाणी त्यांतून शहरात येतं. मुंबईची तहान भागवायला इंजिनिअर मंडळी घाटाच्या पायथ्याशी का गेली, याचं उत्तर याच भिंतीत आहे. जास्त पावसाची जागा त्यांनी आपल्या कितीतरी आधी शोधून ठेवली होती. पण ती साठवायच्या पाण्यासाठी शोधली होती, राहायच्या घरांसाठी नव्हे.

भिंत ओलांडली की चित्र उलटं होतं. हवा पलीकडे उतरते, गरम होते, कोरडी होते. महाबळेश्वरहून अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला पाऊस साधारण एक तृतीयांश उरतो. पसरणी घाट उतरून वाईला पोहोचलात की सात-आठशे मिलिमीटर. एस.टी.ने तास-सव्वा तासाचं अंतर, आणि पावसात सात-आठ पटींचा फरक! सपाट मुलखातही पाऊस असा लहरी असू शकतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे 'त्या भागात खूप पाऊस पडतो' या वाक्याला घर घेताना फारसा अर्थ नसतो. कुठल्या उताराला, माथ्याच्या कुठल्या बाजूला, हे विचारावं लागतं.

तरीही पावसाचा आकडा डॉक्टरच्या फारसा कामाचा नाही. लंडनचंच बघा. वर्षभरात तिथे सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यापेक्षाही कमी. तरी लंडन जगात ओलं शहर म्हणून प्रसिद्ध, कारण तिथे तो थोडा थोडा, वर्षभर, कितीतरी दिवस पडत राहतो. आपलं हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस' धरतं. ठाणे-मुंबईत असे दिवस वर्षात पाऊणशे-ऐंशी. महाबळेश्वरला शंभराच्या वर, आणि त्यांतल्या बहुतेक दिवसांत मधला कोरडा वेळही ढगातच जातो. शरीराला आणि भिंतीला मिलिमीटर कळत नाहीत. त्यांना कळतं ते हे की आपण सलग किती दिवस वाळलो नाही.

घर वाळलं नाही की काय होतं, हे स्वयंपाकघरात आधी दिसतं. बिस्किटं सादळतात, मिठाला पाणी सुटतं, डाळीच्या डब्यात जाळी होते. मग कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवट भुरा येतो, गादीला कुबट वास येतो, बाथरूमच्या छताला काळे ठिपके पडतात. हे काळे ठिपके म्हणजे बुरशी. ओल्या राहिलेल्या लाकडावर, प्लायवूडवर, कापडावर ती एक-दोन दिवसांत रुजू शकते. तिचे बीजाणू इतके हलके असतात की पंखा लावला की घरभर फिरतात. ज्यांच्या श्वासनलिका संवेदनशील आहेत त्यांना यामुळे शिंका, नाक चोंदणं, खोकला, घरघर सुरू होते. ॲस्परजिलस नावाची बुरशी तर काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत जाऊन बसते आणि तिच्याविरुद्ध शरीराची जी ॲलर्जीची प्रतिक्रिया उठते, तिने दमा हाताबाहेर जातो. दम्याचा रुग्ण नियमित औषधं घेऊनही बरा राहत नसेल, खोकल्यातून तपकिरी चिकट तुकडे पडत असतील, तर आम्ही ही शंका घेतो आणि तशा तपासण्या करतो.

दुसरा भाडेकरू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे गादी-उशीतला धुळीतला किडा, डस्ट माइट. हा पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो, सत्तर-ऐंशीला सुखाने वाढतो. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस नव्वदीच्या पुढे असते. दम्याच्या आणि ॲलर्जीच्या सर्दीच्या रुग्णासाठी ही गोष्ट खिडकीतून दिसणाऱ्या दरीपेक्षा महत्त्वाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ओलसर घरात राहणाऱ्यांत दमा, खोकला, घरघर यांचं प्रमाण कोरड्या घरांपेक्षा साधारण ३० ते ५० टक्के जास्त आढळलं होतं. ही घरं बहुतांश थंड देशांतली होती. आपल्या घाटमाथ्यावरची ओल त्यांच्यापेक्षा कमी नाही.

मग तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक कसे राहतात, असं कुणी विचारतं. चांगला प्रश्न आहे. जुनी घरं पावसाला ओळखून बांधलेली होती. उतरतं छप्पर, लांब पागोळ्या, भिंतीला पाऊस लागू नये म्हणून नारळीच्या झापांचा किंवा गवताचा आडोसा, आणि घरात दिवसभर जळणारी चूल. चुलीच्या उबेने घर वाळायचं, माळ्यावरचं धान्य-लाकूड टिकायचं. पण त्याच चुलीच्या धुराने घरातल्या बायकांची फुप्फुसं खराब व्हायची. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या आजीबाईंना दमछाक होते आणि तपासणीत सीओपीडी निघतो, हे आम्ही वॉर्डात आजही पाहतो. आता नवी 'सेकंड होम' येतात ती सपाट स्लॅबची, मोठ्या काचांची, प्लायवूडच्या फर्निचरची. चूल नाही हे बरंच आहे. पण पागोळ्याही नाहीत, वारा आरपार जायला वाट नाही, आणि घर आठवड्यातले पाच दिवस, कधी महिनाभरही बंद. बुरशीसाठी याहून चांगली व्यवस्था कुणाला करता येणार नाही.

आता धुक्याबद्दल. हवामानाच्या व्याख्येत दृश्यता एक किलोमीटरच्या आत आली की त्याला धुकं म्हणतात. ते कसं तयार झालं, कशाचं आहे, याच्याशी व्याख्येला देणंघेणं नाही. डॉक्टरला आहे. आपल्याकडे धुकं दोन जातींचं असतं.

पहिलं आंबोली-महाबळेश्वरचं, पावसाळी. हे खरं तर जमिनीवर उतरलेला ढग. आपण उंचीवर उभे असतो म्हणून ढगाच्या आत असतो. दिवसाही असतं, वाऱ्यातही टिकतं, पाऊस हवा धुऊन काढत असल्याने त्यात घाण कमी असते. दुसरं आपलं, खालचं, डिसेंबर-जानेवारीचं. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब बनून पहाटे धुक्याची चादर पसरते. बदलापूर, वांगणी, कल्याण, भिवंडी या उल्हास खोऱ्याच्या पट्ट्यात ते हटकून पडतं. कर्जत-कसाऱ्याच्या लोकल उशिरा धावू लागल्या की डोंबिवलीकर समजून जातात. बाळकुमला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर. डोंगरावरची गार हवा रात्री उतरून खाली साचते, खाडी तिला ओल पुरवते. कशेळीचा पूल अशा सकाळी अर्ध्यावर नाहीसा झालेला असतो.

सॅन फ्रान्सिस्कोसारखं समुद्रावरून चालत येणारं धुकं मात्र कोकण किनाऱ्यावर सहसा नसतं. तिथला समुद्र थंड आहे. त्यावरून जाणारी उबदार हवा गार होते आणि धुकं बनून शहरात शिरते. पेरूची राजधानी लिमा तर त्याचं टोक. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पाऊस, पण थंडीचे महिने धुक्यात. आपला अरबी समुद्र बारा महिने कोमट. म्हणून 'समुद्रकिनारी, धुक्यातलं घर' ही कल्पना कॅलिफोर्नियात चालते, गुहागरला नाही. धुकं हवं तर डोंगरच चढावा लागतो.

आता या दोन धुक्यांचा फुप्फुसांशी संबंध. धुक्याचे थेंब साधारण दहा-वीस मायक्रॉनचे असतात. केसाची जाडी सत्तरच्या आसपास धरली तर त्याच्या पाव हिश्श्याएवढे. एवढे थेंब बहुतेक नाकात-घशातच अडकतात. निरोगी माणसाला ढगातल्या धुक्याचा त्रास होण्याचं कारण नाही. दमेकऱ्याची गोष्ट वेगळी. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब श्वासनलिकेच्या अस्तरावर पडले की तिथल्या क्षारांचं संतुलन बदलतं आणि संवेदनशील नलिका आकसते. याचा उपयोग करून दम्याच्या निदानासाठी आसुत पाण्याचा फवारा हुंगवण्याची चाचणीही वापरली गेली आहे. म्हणजे धुकं स्वच्छ असलं तरी दमेकऱ्याला ते सोसेलच असं नाही. त्यात गार हवा, चढावर चालणं आणि घरातली बुरशी यांची भर पडली की 'हवापालट' इनहेलरच्या पंपावर येऊन थांबते.

खालचं हिवाळी धुकं मात्र कुणालाच चांगलं नाही. ज्या कारणाने धुकं जमिनीलगत अडकतं त्याच कारणाने धूरही अडकतो. गार हवा खाली, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. बाळकुम नाक्यावरून भिवंडीच्या गोदामांकडे रात्रभर जाणारे ट्रक, बांधकामांची धूळ, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली. याला धुरकं म्हणायचं. त्यातले अडीच मायक्रॉनहून लहान कण नाकात अडकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून धुरक्याच्या दिवसांत दम्याबरोबर हृदयविकाराचे रुग्णही वाढतात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर ५ ते ९ तारखेपर्यंत असं झाकण बसलं, तेव्हा सुरुवातीच्या मोजदादीतच चार हजार माणसं दगावली होती. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला.

आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी नेमकी याच वेळी, पहाटे साडेपाचला, खाडीकाठच्या रस्त्यावर 'शुद्ध हवा' घ्यायला निघतात. कानटोपी, मफलर, झपाझप चाल, आणि जोरजोरात प्राणायाम. त्यांना मी एवढंच सांगते की डिसेंबर-जानेवारीत ऊन पडू द्या, मग निघा. सूर्याने जमीन तापवली की झाकण उचललं जातं, आठ-नऊनंतर हवा निवळू लागते. दिवस बदलायची गरज नाही, वेळ बदलली तरी पुरे.

सांधेदुखीचं विचारल्याशिवाय कुणी उठत नाही, म्हणून तेही. आभाळ भरलं की गुडघे सांगतात, हा अनुभव घरोघरी आहे. संशोधन यावर एकमताने बोलत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठ नागरिकांच्या एक कोटी दहा लाखांहून जास्त डॉक्टरभेटी तपासल्या. पावसाच्या दिवशी सांधेदुखीसाठी येणारे वाढलेले दिसले नाहीत. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने २०१९ मध्ये वेगळ्या पद्धतीने पाहिलं. अडीच हजारांहून जास्त जुनाट दुखणेकऱ्यांनी आपलं रोजचं दुखणं मोबाइलवर नोंदवलं. तिथे दमट, वादळी, कमी दाबाच्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता सुमारे वीस टक्क्यांनी जास्त निघाली. मला दुसरा अभ्यास माझ्या रुग्णांच्या जवळचा वाटतो, कारण गुडघा दुखला म्हणून पावसात रिक्षा शोधत दवाखान्यात कोण येतं? माणूस तेल चोळून घरी बसतो. पण वीस टक्के म्हणजे घर घेऊ नये इतकं मोठं कारण नाही. गुडघ्यांचं खरं नुकसान घाटमाथ्यावर वेगळ्याच वाटेने होतं. चार महिने बाहेर चालणं बंद होतं, मांडीचे स्नायू ढिले पडतात, वजन वाढतं, आणि शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरतो. साठीनंतरच्या खुब्याच्या हाडाचं फ्रॅक्चर हा सांधेदुखीपेक्षा कितीतरी गंभीर प्रकार.

मनाचंही बघावं लागतं. शनिवार-रविवारचं धुकं आणि जुलैचा सलग महिना यांत फार अंतर आहे. सूर्य दिसत नाही, शेजारची घरं बंद, टीव्हीला सिग्नल नाही, वीज गेली की दोन दिवस नाही. ज्यांचा स्वभाव मुळात उदासीकडे झुकणारा आहे किंवा नुकताच जोडीदार गेला आहे, त्यांना मी एकट्याने तिथे जाऊ नका असं स्पष्ट सांगते. याउलट आपल्यात रमणारी, वाचणारी, झाडं लावणारी माणसं तिथे खुलतात, तेही पाहिलं आहे.

त्वचेचे त्रास किरकोळ वाटतात, पण पावसाळी ओपीडीची निम्मी रांग त्यांचीच. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, जांघेत गजकर्ण. अर्धवट वाळलेले कपडे घालणं हे मूळ कारण. मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी दोन महिन्यांत दुप्पट पसरते. ते लावू नका. कपडे वाळत नसतील तर इस्त्री फिरवा.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालणं झालं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी गोळी देता येते, पण ती कुणाला, किती, हे त्यांना ठरवू द्या. २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्यात या आजाराची जी लाट आली, ती पाहिलेले आम्ही डॉक्टर पावसात ताप, पोटऱ्यांत वेदना आणि लाल डोळे दिसले की अजूनही सावध होतो. आणि जास्त पावसाच्या मुलखात सापांचा विषय टाळता येत नाही. बिळांत पाणी शिरलं की नाग, मण्यार, घोणस, फुरसं कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात. महाडसारख्या घाटपायथ्याच्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगाला दाखवून दिला, सर्पदंशावरही काम केलं आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांच्या कामातून घर घेणाऱ्याने एक गोष्ट उचलावी. सर्पदंशाची लस असलेलं आणि ती द्यायला डॉक्टर असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं, हे आधी विचारून ठेवा.

'जवळचं' हा शब्द पावसाळ्यात फसवा असतो. नकाशावर तीस किलोमीटर असतात, पण मधे घाट असतो. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, त्याच काळात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. ३० जुलै २०१४ ला माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दरड प्रत्येक ठिकाणी कोसळत नाही. पण जुलैत घाट काही तास बंद पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि छातीत दुखू लागलेल्या माणसाला काही तास नसतात. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी मोकळी करण्याचा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक असतो. अँजिओप्लास्टी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या, घरी ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाने पावसाळ्यात घाटमाथ्यावर मुक्काम करू नये, असं माझं मत आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. ऑक्टोबर ते मे खुशाल राहावं.

गंमत अशी की हे शहाणपण नवं नाही. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी इंग्रजांच्या नकाशावर आणलं, महाबळेश्वरला त्याआधी १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी आरोग्यस्थान वसवलं. आजारी गोऱ्या सैनिकांना गार हवा मिळावी हा हेतू. पण मुंबईचे गव्हर्नर उन्हाळा महाबळेश्वरला काढायचे आणि पाऊस लागला की पुण्याला उतरायचे. माथेरानची छोटी गाडी आजही १५ जून ते १५ ऑक्टोबर नेरळहून वर जात नाही, फक्त अमन लॉज ते माथेरान धावते. बारा महिने राहायची सोय शोधताना त्या लोकांनी पाचगणी निवडली, कारण ती माथ्याच्या पावसाआड होती. क्षयावर औषध नव्हतं, विश्रांती, आहार आणि कोरडी स्वच्छ हवा एवढाच उपचार होता, त्या काळात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं तेही पाचगणीलाच. सहा हजार मिलिमीटरच्या महाबळेश्वरला नाही. दृश्य तिथलं जास्त चांगलं होतं, हे त्यांनाही दिसत असणार.

म्हणून धुकं-पावसाचं वेड असलेल्या माणसाला मी पाचगणीचा हिशोब सांगते. माथा बघायला जा, राहायला एक पायरी पूर्वेला सरका. आंबोलीहून आजऱ्याकडे, पुढे गडहिंग्लजकडे पाऊस उतरत जातो. लोणावळ्याहून तळेगावकडे, इगतपुरीहून नाशिककडेही तसंच. ढग अर्ध्या तासावर असतात आणि गादी कोरडी राहते.

आणि ज्यांना माथाच हवा, फुप्फुसं-हृदय ठणठणीत आहे, त्यांनी घर मे महिन्यात बघू नये. दलाल मे महिन्यातच दाखवतात, भिंतीला ताजा रंग दिलेला असतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा. कपाटाची दारं उघडून वास घ्या, पलंगामागच्या भिंतीवर तळहात ठेवा, छताचे कोपरे बघा. बाजारात काही शे रुपयांना आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते दोन दिवस खोलीत ठेवा. खिडक्या बंद, पंखा चालू असताना ते ७० च्या वरच राहत असेल, तर दमा असलेल्या नातवाला तिथे सुट्टीला बोलावू नका. सातबारा वकिलाला दाखवता तशी ही घडी आपल्या डॉक्टरला दाखवली तरी चालेल. जमलं तर आधी एक पूर्ण पावसाळा भाड्याने राहून बघा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मधे ठाण्याला न पळता. दम्याच्या रुग्णाने निघण्यापूर्वी छातीची तपासणी करून घ्यावी, रोजचा इनहेलर चालू ठेवावा, तातडीचा पंप उशाशी ठेवावा आणि दोन महिन्यांची औषधं बरोबर न्यावीत. मेडिकलचं दुकान घाटाखाली असतं, आणि घाट कधी बंद होईल ते तिथला एस.टी.चा कंट्रोलरही सांगू शकत नाही.